सुरक्षित जागेवरून

इमॅन्युएल कांटच्या १७९० सालच्या ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’ या ग्रंथात उदात्ताची चर्चा चालू असताना एक यादी येते. डोक्यावर झुकलेले कडे, विजा घेऊन चालून येणारे ढग, ज्वालामुखी, मागे उजाड मुलूख सोडून जाणारी वादळं, खवळलेला समुद्र, मोठ्या नदीचा उंच धबधबा. यांच्या ताकदीपुढे आपण काहीच नाही हे आपल्याला कळतं, आणि तरी ही दृश्यं जितकी भयंकर तितकी आपल्याला ओढून घेतात. एवढं सांगून कांट एक अट घालतो : आपण सुरक्षित जागी असलो तर.

वाचणारे बहुतेक जण या अटीवरून पुढे सरकतात, कारण पुढचा भाग जास्त चमकदार आहे. निसर्ग आपलं शरीर चिरडू शकतो, पण आपल्यात असं काही आहे की जे त्याच्यापुढे वाकत नाही. या जाणिवेचा आनंद म्हणजे उदात्ताचा अनुभव, असं कांटचं म्हणणं. वर्गात शिकवतात तेही हेच. मी मात्र त्या अटीपाशी बरीच वर्षं अडकलो आहे. सुरक्षित जागा कोणाला मिळते? ती कोण बांधतं? आणि ती जागाच हलायला लागली तर? हे प्रश्न विचारायला कोयनानगरइतकं योग्य गाव मला महाराष्ट्रात दुसरं माहीत नाही.

आधी कांटचं स्वतःचं भूकंपाशी काय नातं होतं ते पाहू. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंपाने, पाठोपाठ आलेल्या लाटांनी आणि आगीने उद्ध्वस्त झालं. कांट तेव्हा ३१ वर्षांचा होता आणि लिस्बनपासून फार लांब, कोनिग्सबर्गमध्ये होता. १७५६ मध्ये त्याने भूकंपावर तीन लेख लिहिले. व्होल्तेरने त्याच घटनेवर देवाला जाब विचारणारी कविता लिहिली. कांटने जमिनीखालच्या पोकळ्या आणि त्यांतले पेट घेणारे वायू यांचा हिशोब मांडला. त्याच्या मते या पोकळ्या डोंगररांगांना आणि मोठ्या नद्यांना समांतर जातात. लिस्बन टॅगस नदीच्या दिशेने लांबत गेलेलं होतं म्हणून त्याचं जास्त नुकसान झालं, तेव्हा भूकंपाच्या मुलखात शहरं अशी नदीच्या दिशेने वसवू नयेत, असा सल्लाही त्याने दिला. हे भूगर्भशास्त्र आज कोणी मानत नाही. पण नकाशात कोयना नदी महाबळेश्वरापासून हेळवाकपर्यंत पासष्टेक किलोमीटर सह्याद्रीला अगदी समांतर वाहताना दिसते, तेव्हा मला हटकून त्या तरुण कांटची आठवण होते.

या लेखांनंतर चौतीस वर्षांनी केलेल्या उदात्ताच्या यादीत भूकंप नाही. त्याच प्रकरणात थोडं पुढे तो येतो खरा, पण देवाचा कोप समजून माणसं ज्यांच्यापुढे माना खाली घालतात त्या गोष्टींच्या रांगेत. कांटने तो जाणूनबुजून वगळला असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. माझं म्हणणं एवढंच की तो त्या यादीत बसतच नाही. समुद्र किनाऱ्यावरून पाहता येतो, ज्वालामुखी शेजारच्या डोंगरावरून. भूकंप कुठून पाहणार? पाहणारा ज्या जमिनीवर उभा असतो तिलाच तो धरतो.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. ४ वाजून २१ मिनिटं. डिसेंबरातली थंडी, माणसं घरात, दारं बंद. कोयनानगर आणि भोवतालच्या गावांतली घरं त्या धक्क्यात बसली. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. धक्का मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला आणि मुंबईची वीज गेली, कारण मुंबईचे कारखाने आणि दिवे एव्हाना कोयनेच्या विजेवर अवलंबून होते. तोवर दख्खनचं पठार म्हणजे काळ्या पाषाणाचा स्थिर, जुना, शहाणा प्रदेश अशी भूगर्भशास्त्रज्ञांचीही समजूत होती. ती त्या पहाटे संपली.

यानंतर जे निष्पन्न झालं ते कांटच्या मांडणीला आणखी गोंधळात टाकणारं आहे. धरणात पाणी साठायला लागलं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि त्यानंतर या भागात जमीन हलू लागली. मोठ्या जलाशयाच्या भाराने आणि खाली झिरपणाऱ्या पाण्याच्या दाबाने आधीच ताणलेले भेगांचे पट्टे सरकू शकतात; अशा भूकंपांचं जगातलं सर्वांत ठळक उदाहरण म्हणून आज कोयनेचं नाव घेतलं जातं. म्हणजे हा भूकंप निसर्गाचा म्हणावा की आपण बांधलेल्या वस्तूचा? कांटचं शुद्ध उदात्त रांगड्या, हात न लागलेल्या निसर्गापुढे उभं राहतं. कोयनेत ज्या शिवसागराचं नितळ दृश्य पाहायला माणसं येतात, तोच या हादऱ्यांमागचा हात आहे.

धरणाची कल्पना तशी जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी या खोऱ्याची पाहणी केली होती, ते बारगळलं. स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारने काम हाती घेतलं, १९५३ च्या अखेरीस मंजुरी आली आणि १९५४ च्या सुरुवातीला काम सुरू झालं. देशमुखवाडीपाशी १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरहून जास्त लांब दगड-काँक्रीटची भिंत उभी राहिली. पूर्वेकडे वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळणाऱ्या नदीचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, सह्याद्रीच्या पोटात पोफळीला उतरवून वीज काढायची, अशी ही योजना. भिंतीमागे जवळजवळ पन्नास किलोमीटर लांब पाणी पसरलं. शंभराच्या आसपास गावं त्यात सापडली. धरणांना नव्या युगाची तीर्थं मानण्याचा तो काळ, आणि तसं मानणाऱ्या नेहरूंच्या नावाचं उद्यान कोयनानगरात आहेच.

त्या उद्यानातून धरण छान दिसतं. मी तिथे उभं राहून बा. सी. मर्ढेकरांचं सौंदर्यशास्त्र धरणाला लावून पाहिलं आहे. मर्ढेकरांचं मूळ गाव मर्ढे याच सातारा जिल्ह्यातलं, फक्त कृष्णेच्या बाजूचं. ‘वाङ्मयीन महात्मता’ १९४१ चं आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ चं. १९५६ च्या मार्चमध्ये ते गेले, धरणाची भिंत उभी राहण्याआधी. त्यांच्या मते सुंदर वस्तू म्हणजे संवेदनांची एक रचना, आणि ती रचना संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी बांधलेली असते. आयुष्यातल्या सुखदुःखाच्या भावना वेगळ्या आणि ही सौंदर्यभावना वेगळी. धरणाला हे चपखल लागू पडतं. डोंगराच्या कडांची आडवी ओळ आणि भिंतीची आडवी ओळ यांचा संवाद. डोंगराच्या वाकड्यातिकड्या रेघेला भिंतीच्या सरळ रेघेचा विरोध. दोन्ही बाजूंचे उतार मधल्या सांडव्यावर तोलून धरलेले. पावसाळ्यात दरवाजे उघडले की मधला भाग पांढरा होतो आणि सगळी रचना एकदम जागी होते. खरं सांगायचं तर भिंत सुंदर आहे.

पण याच रचनेत एक जागा आहे जिथे मर्ढेकर अपुरे पडतात. भिंतीच्या खालच्या अंगाचा उतार वरून येताना एका उंचीवर एकदम बदलतो. कडेने पाहिलं तर रेघेत कोन पडतो. नुसत्या रचनेच्या दृष्टीने हा कोन आवडावा किंवा आवडू नये. कोणी म्हणेल विरोधलय, कोणी म्हणेल खटकतं. १९६७ च्या भूकंपात भिंतीला आडवे तडे गेले ते नेमके या उंचीच्या आसपास. धक्क्याचा ताण तिथेच गोळा झाला होता. नंतर भिंतीला खालून जाड टेकू देऊन ती भक्कम केली गेली. हे माहीत झाल्यावर तो कोन आधीसारखा पाहताच येत नाही. कांटने याला जागा ठेवली आहे. फुलासारखं स्वायत्त सौंदर्य एक, आणि वस्तू कशासाठी आहे या कल्पनेवर अवलंबलेलं, देवळाचं किंवा वाड्याचं परायत्त सौंदर्य दुसरं. धरणाचं सौंदर्य हे परायत्त. ते उभं राहील की नाही हा प्रश्न त्याच्या रूपाबाहेरचा नाही. डोळ्याला खटकणारी रेघ आणि ताण साठवणारी रेघ एकच निघाली, याचा मला अजून विस्मय वाटतो.

हे सगळं भिंतीबद्दल झालं. पाण्याचा प्रश्न जास्त अवघड आहे.

कांटच्या त्याच ग्रंथात, अगदी सुरुवातीला, राजवाड्याचं उदाहरण आहे. समोर राजवाडा आहे आणि कोणी विचारतं, हा सुंदर वाटतो का? माणूस वेगवेगळी उत्तरं देऊ शकतो. इरोक्वॉय जमातीच्या त्या सरदारासारखं म्हणू शकतो की पॅरिसमध्ये मला खानावळींपेक्षा जास्त काही आवडलं नाही. किंवा रूसोसारखं चिडून म्हणू शकतो की लोकांचा घाम असल्या निरुपयोगी गोष्टींवर उधळणाऱ्या बड्यांचा धिक्कार असो. कांट म्हणतो, हे सगळं मान्य करता येईल, पण प्रश्न तो नाही. प्रश्न एवढाच की नुसतं पाहताना, त्या वस्तूच्या असण्यानसण्याशी आपलं काही देणंघेणं नसताना, आनंद होतो का.

शिवसागराच्या बाबतीत हा प्रश्न पर्यटकाला सहज विचारता येतो. ज्याचं शेत, घर, देऊळ, मसणवटा त्या पाण्याखाली आहे त्याला विचारून बघा. ही माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी पांगली. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ मध्ये. कोयनेचं पाणी तोवर पंधरा वर्षांचं झालं होतं. त्यांच्या हक्कांसाठीची आंदोलनं या शतकातही कोयनानगरच्या रस्त्यावर बसलेली आहेत.

माझ्या एका मित्राची आत्या यांपैकी. दहा-बारा वर्षांची असताना खोऱ्यातून उठून रायगडात गेलेली. एकदा मी तिला मोबाइलवर शिवसागराचा फोटो दाखवला. निळं पाणी, हिरवे डोंगर, वर ढग. कोणालाही आवडावा असा.

“ह्यो कुठल्या म्हैन्यातला रं?” तिने विचारलं.

“सप्टेंबरमधला, आत्या.”

“म्हंजी भरल्याला,” म्हणून तिने मोबाइल परत दिला. मग मी मे महिन्यातला एक फोटो शोधून काढला. पाणी खूप उतरलेलं, काठावर गाळाचे तपकिरी पट्टे एकाखाली एक, भेगाळलेली जमीन. हा तिने हातात धरून ठेवला. दोन बोटांनी मोठा केला, इकडून तिकडे सरकवला. “हितनं वाट असंल खाली जायाला,” असं काहीतरी स्वतःशीच बोलली. मग म्हणाली, “ह्यो बरा हाय.”

या उत्तराचं सौंदर्यशास्त्रात काय करायचं? आत्याला तळं कुरूप वाटत नव्हतं, तसं ती म्हणालीच नाही. तिची पाहण्याची रीत वेगळी होती. आम्ही पाण्याचा पृष्ठभाग पाहतो, ती खोली पाहत होती. मर्ढेकरांच्या हिशोबाने तिच्या पाहण्यात आयुष्यातली भावना मिसळली, म्हणून तो शुद्ध सौंदर्यानुभव नव्हे. आपल्या परंपरेतही सोय नाही. अभिनवगुप्ताने रसास्वादातली सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात अडकलेला असणं. त्यावर उपायही सांगितला आहे : गाणंबजावणं, सजवलेला रंगमंडप, अशा गोष्टींनी त्याचं मन त्यातून सोडवावं. हे वाचल्यापासून मला धरणासमोरची उद्यानं वेगळी दिसू लागली आहेत. फुलांचे वाफे, कारंजी, बसायला बाक, सगळी विघ्नशांतीच.

कांटकडे तर याहून तिखट प्रसंग आहे. उदात्ताची गोडी लागायला मनाची मशागत लागते, हे सांगताना तो एका साव्हॉयच्या शेतकऱ्याचा दाखला देतो. आल्प्सचे अभ्यासक ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर (भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचे पणजोबा) यांनी सांगितलेली ही गोष्ट. तो भला आणि एरवी समजूतदार शेतकरी म्हणाला, बर्फाच्या डोंगरांचं वेड असलेले सगळे मूर्ख आहेत. कांटच्या मते अशा माणसाला डोंगरात फक्त धोका, कष्ट आणि हलाखी दिसते. पण तो प्रामाणिक आहे. लगेच पुढे कबूल करतो की सोस्यूर जर बहुतेक प्रवाशांसारखा नुसत्या हौसेने, किंवा पुढे भरदार वर्णन लिहिता यावं म्हणून डोंगरात गेला असता, तर शेतकऱ्याचं फारसं चुकलं नसतं. (घाटमाथ्यावरच्या पावसाळी सहलींची वर्णनं लिहिणाऱ्यांनी, प्रस्तुत लेखकासह, हे वाक्य समोर ठेवावं.)

पण माझी तक्रार त्यापुढची आहे. त्याच प्रकरणात कांट सैनिकाबद्दल बोलतो. घाबरत नाही, धोक्यापुढे वाकत नाही, अशा माणसाचा आदर रानटी समाज करतो आणि अत्यंत सुसंस्कृत समाजही करतो, असं तो म्हणतो. म्हणजे सुरक्षित जागा नसतानाही माणूस मोडत नाही, हे त्याला माहीत होतं. मग हिमकडे कोसळणाऱ्या डोंगराखाली पिढ्यान् पिढ्या शेती करणाऱ्या त्या शेतकऱ्याला हा मान का नाही? त्याला डोंगराची भव्यता दिसत नव्हती, असं कशावरून? त्याला ती रोज दिसत होती, आणि तिची किंमतही ठाऊक होती. मूर्ख म्हणाला तो तिकीट काढून येणाऱ्यांना.

मराठीत हा पेच सर्वांत नीट मांडला तो रा. भा. पाटणकरांनी, ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४ च्या ग्रंथात. कलेचं जग आयुष्यापासून वेगळं मानणारा अलौकिकतावाद आणि कलेला आयुष्यातल्याच मूल्यांशी जोडणारा लौकिकतावाद, हे दोन्ही त्यांनी तपासले आणि एकाला खोटं ठरवून दुसऱ्याला गादीवर बसवलं नाही. सौंदर्याची आपली कल्पनाच दोन ध्रुवांची आहे, असं ते म्हणाले. हा तडजोडीचा मध्यममार्ग आहे असं मला पूर्वी वाटायचं आणि त्याचा थोडा कंटाळाही यायचा. आत्याच्या त्या फोटोनंतर मात्र तो मार्ग मला जास्त काटेकोर वाटू लागला. सप्टेंबरचा फोटो सुंदर आहे हे मला मागे घ्यायचं नाही. मेचा फोटो ‘बरा’ आहे हा निर्णयही मला भावुकता म्हणून खालच्या पायरीवर ठेवायचा नाही. ती काठ निरखून पाहत होती, रेघ न् रेघ मोठी करून, माझ्याहून कितीतरी जास्त लक्ष देऊन. लक्षपूर्वक पाहणं हा सौंदर्यानुभवाचा गाभा असेल, तर तिच्या पाहण्यात तो होता. नव्हती ती फक्त अलिप्तता.

पाटणकरांच्या ग्रंथात हे सगळं बहुतांशी कलाकृतींच्या संदर्भात येतं. निर्णय देणारा कोण, त्याची जागा कुठली, हा प्रश्न मराठी सौंदर्यशास्त्रात रोखठोकपणे आला तो दलित साहित्याच्या बाजूने. शरणकुमार लिंबाळे यांचं ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६ चं. प्रकल्पग्रस्तांचं सौंदर्यशास्त्र अजून कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

दरम्यान कोयना खोऱ्याकडे पाहणारे वाढत गेले. १९८५ मध्ये अभयारण्य झालं. २०१० मध्ये चांदोलीला जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या निवडक जागांबरोबर कोयना अभयारण्य युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. युनेस्कोच्या निकषांत असामान्य नैसर्गिक सौंदर्य हा एक स्वतंत्र निकष आहे. पश्चिम घाट त्या निकषावर यादीत गेलेला नाही. गेला तो जैवविविधतेच्या आणि परिसंस्थांच्या निकषांवर. सरकारी कागदावर का होईना, या डोंगरांना दृश्य म्हणून मोजलं गेलं नाही याचं मला बरं वाटतं.

जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात प्रचंड पाऊस झाला आणि मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे रात्रीत डोंगर खाली आला. घरं माणसांसकट गाडली गेली. त्याच पावसाने नवजाजवळचा ओझर्डे धबधबा फुगतो आणि तो पाहायला गाड्यांची रांग लागते. कांटच्या यादीत धबधबा आहे. तो धबधबा आणि ही दरड यांचं पाणी एकाच ढगातलं.

कोयनानगरात लहान धक्के अजून बसतात. एकदा चहाच्या टपरीवर बसलो असताना बाकाखालून एखादा ट्रक गेल्यासारखं वाटलं आणि काचेचे ग्लास एकमेकांना लागून किणकिणले. मी उठून रस्त्यावर आलो होतो. टपरीवाला दूध ओतायचा थांबला नाही. त्याने ग्लासांकडे पाहिलं, किणकिण थांबेपर्यंत मान जरा तिरकी करून ऐकलं, आणि आतल्या पोराला म्हणाला, “तीनच्या आतला.” पोरगा म्हणाला, “न्हाई, तीन असंल.” मग दोघांचं त्यावर बराच वेळ चाललं.